एसी वाढव

जे सांगणार आहे ते आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या घरात राहत नाही — एवढंच.

गोष्ट एसीची आहे. हसू आलं तर हसा. पहिल्यांदा आमच्याकडेही सगळे हसलेच होते.

नोएडात दिवाळी उरकली की हवा धुरकट होते, घसा खवखवायला लागतो, आणि एखाद्या रविवारी एसी हिवाळ्यासाठी आवरून ठेवावा लागतो. आतल्या जाळ्या काढून धुवायच्या. त्या वाळल्या की परत बसवून थोडा वेळ नुसता पंखा चालवायचा, म्हणजे आतली ओल जाते. नाहीतर उन्हाळ्यात पहिल्यांदा लावला की खोलीभर कुबट वास. रिमोटचे सेल काढायचे, भिंतीवरचा एमसीबीचा खटका खाली पाडायचा. बाल्कनीतल्या मशीनवर कापड बांधायचं, नाहीतर कबुतरं तिथं संसार थाटतात. हे सगळं दरवर्षी मीच करतो. काम तासाभराचं, पण नंतर दिवसभर अंगात त्राण राहत नाही. वयामुळे असेल, असं बायको म्हणते. मी हो म्हणतो.

बाहेर बांधतो ते कापड आईचं आहे. तिच्या सुती लुगड्याचं, तिनं हातानं शिवलेलं. बाबा गेल्यावर मी तिला अमरावतीहून इकडे आणलं होतं. कायमची. निदान तेव्हा तरी तसंच बोललो होतो.

आता आईच्या बोलण्याबद्दल सांगायला हवं. बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. नारळसुद्धा वाढवतात — हे तुम्हाला ठाऊक असेलच. आईनं तो नियम पार ताणला होता. चालत्या वस्तूला ‘बंद’ म्हणणं तिला अभद्र वाटायचं. दिवा वाढव, स्टोव्ह वाढव. लहानपणी ती “रेडिओ वाढव” म्हणाली की मी मुकाट्यानं बटण फिरवून तो गप्प करायचो. एकदाही चुकून आवाज मोठा केला नाही. हे तेवढं लक्षात ठेवा.

इथं आल्यावर दिवे, गॅस, सगळं ती स्वतःच्या हातानं वाढवायची, कुणाला सांगायची वेळच यायची नाही. फक्त एसीचा रिमोट तिला जमत नसे.

त्या जूनमध्ये आम्ही सगळे एकाच खोलीत झोपायचो, कारण एसी एकच. रविवारची दुपार होती, बाहेर लू वाहत होती. आईचे गुडघे गारठ्यानं धरायचे. ती गोधडी हनुवटीपर्यंत ओढून पडली होती. म्हणाली, “रेवा, एसी वाढव गं जरा.”

रेवा माझी मुलगी, तेव्हा पाचवी-सहावीत असेल. दिल्लीकडच्या मुलांचं मराठी कसं असतं, सांगायला नको. तिच्या लेखी पोळी वाढतात, उंची वाढते, आणि एसी वाढवायचा म्हणजे — आणखी गार करायचा. तिनं आनंदानं रिमोट घेतला आणि थेट अठरावर आणून ठेवला. “आजी तर बिल्कुल माझ्यासारखी आहे यार!” माझी बायको दिल्लीच्या करोलबागेत वाढलेली, तिलाही गंमत वाटली. “आई, तुम्ही पक्क्या दिल्लीवाल्या झालात,” म्हणाली.

आईनं माझ्याकडे पाहिलं.

मी खाली गादीवर पडलो होतो. जागा होतो. एक शब्द बोलायचा होता — अगं, बंद कर म्हणतेय ती. किती वेळ लागला असता? पण आठवडाभर ऑफिस आणि मेट्रोत घामानं निथळून निघालो होतो, आणि ती गार हवा अंगावर येत होती, आणि मला ती हवी होती. मी डोळे मिटले.

वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ना, ते हे.

आणि एकदाच नाही. त्या उन्हाळ्यात आई पुन्हा म्हणाली, मग पुन्हा. दर वेळी रेवा उड्या मारत गार करायची आणि दर वेळी मी झोपलेलो असायचो. आईनं नातीला समजावून का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. मीही विचार करत बसलो होतो, बरीच वर्षं. मला कळलंय हे तिला पहिल्याच दुपारी कळलं होतं. मग ती समजावणार कुणाला?

पुढे तिनं सांगणं सोडलं. अंथरूण उचलून हॉलमध्ये गेली, जिथं भिंतीसुद्धा तापलेल्या असत. विचारलं की म्हणायची, “मला ती घरघर सोसत नाही.” आम्ही दार लावून घ्यायचो — गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून.

दिवाळीनंतर एसी आवरायला काढला तेव्हा ते लुगड्याचं कापड तिनं आपणहून शिवून दिलं. मी बाल्कनीत ते बांधलं, आत आलो. पंखा अजून चालू होता. ती दारात उभी होती. म्हणाली, “वाळला असेल आता. बंद कर.”

बंद. माझ्या उभ्या जन्मात तिच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. मला पुन्हा चुकीचा अर्थ काढायला जागा उरू नये, असं काहीतरी तिच्या मनात असेल. मी बंद केला. लवकरच ती अमरावतीला माझ्या बहिणीकडे गेली आणि परत आली नाही. नंतर तिथंच वारली. एसीबद्दल ती बहिणीपाशी कधी काही बोलली नव्हती. मी आडून आडून विचारून खात्री करून घेतली होती — तोही माझाच हलकटपणा.

रेवा आता पुण्यात नोकरी करते. या दिवाळीला आली होती. दरवर्षी एसीचा विषय निघाला की ती लाडानं म्हणते, आजीला आणि मला अठराच लागायचं. या वेळी आम्ही दोघं बाल्कनीत कापड बांधत होतो, एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.

“बाबा, माझ्या रूममेटची बांगडी तुटली तर ती म्हणाली, वाढवली. मग आजी एसी वाढव म्हणायची ते… बंद कर असं होतं का?”

“नाही गं,” मी म्हणालो. “आजीला गार आवडायचं.”

“थँक गॉड. मी तर घाबरलेच होते यार.”

पोरीच्या मनाला लागू नये म्हणून खोटं बोललो, असं म्हणता आलं असतं. तसं नव्हतं. हो म्हटलं असतं तर तिचा पुढचा प्रश्न ठरलेला होता — मग बाबा, तू तर तिथंच होतास ना?

मी गाठ घट्ट मारली. रेवा आत गेली आणि तिनं खटका खाली पाडला.

“झालं बाबा,” ती आतून म्हणाली, “एसी बंद.”