तासाला तास

माझ्या मामेसासऱ्यांनी आजवर अर्ध्या भंडाऱ्याचा वेळ घेतला आहे, आणि तरीही 'या माणसानं माझा वेळ खाल्ला' असं म्हणणारा एकही जण मला अजून भेटलेला नाही. उलट ज्याचा वेळ घेतला, तो पुढच्या रविवारी आपणहून त्यांच्या ओसरीवर हजर! मी बारा वर्षं त्यांच्या घरी जातो आहे आणि दर खेपेला परत येताना बायकोला सांगतो, तुझ्या मामांसारखा माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा नसेल. ती म्हणते, नसलेलाच बरा. मामांविषयी तिचं प्रेम माझ्यापेक्षा जास्त आहे, म्हणून तिला असं बोलायची मुभा आहे.

मामांचं घराणं पिढीजात विणकरांचं. मामा मात्र माग सोडून जवाहरनगरच्या फॅक्टरीत लागले, तेही टाइम ऑफिसात. कोण किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला, हे तीस वर्षं पाहिलं. पुढे ते निवृत्त झाले, त्यांचं घड्याळ मात्र झालं नाही. घरात पाच घड्याळं, पाचही सेकंदाला जुळलेली, आणि खिशात फॅक्टरीच्या दिवसांतली एक पितळी शिट्टी. माझ्या लग्नात भटजींची मंगलाष्टकं जरा लांबली. मी अंतरपाटामागे घाम पुसत उभा, आणि मामा घड्याळ डोळ्यांशी धरून ओरडले, "गुरुजी, मुहूर्त जाऊन राहिला!" झालं. अर्ध्या मांडवानं तिथल्या तिथे अक्षता टाकल्या. उरलेलं मंगलाष्टक गुरुजींनी वाजंत्रीच्या गदारोळात एकट्यानंच म्हटलं. माझं लग्न नक्की कितव्या ओळीला लागलं, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

निवृत्तीनंतर अशा माणसानं काय करावं? मामांनी तासांची देवघेव सुरू केली. कल्पना एवढी साधी की ऐकताना आपण उगाच मान डोलावतो आणि घरी गेल्यावर झोप उडते. तुम्ही कुणासाठी एक तास काम केलंत की वहीत तुमच्या नावावर एक तास जमा. तो तुम्ही दुसऱ्या कुणाकडूनही, कुठल्याही कामासाठी घ्यायचा. आणि तास सगळ्यांचा सारखा! शिकलेल्याचा, अडाण्याचा, बाईचा, बाप्याचा, या गल्लीतल्याचा आणि त्या वस्तीतल्याचाही. फुकट मदतीचं नाव काढलं की मामा भडकत. म्हणत, "उपकार नोको. उपकार केला का एक जन खुर्चीवर अन् एक जन पायरीवर." म्हणून त्यांच्याकडे नुसतं देणाऱ्याला जागा नव्हती. ज्याच्या नावावर दहा तास साठले, त्याला मामा घरी जाऊन रागवत, घ्या की काहीतरी, फुगून बसले!

माझं नाव घालताना त्यांनी विचारलं, "जावईबापू, तुमाले काय येते?" मी साकोलीला एका कचेरीत कारकून. मला काय येणार? काही येत नाही म्हटलं, तर मामा म्हणाले, नीट आठवा. बराच वेळ मी गप्प बसून त्यांचं ऐकत होतो, तेवढ्यावरून त्यांनी माझ्या नावापुढे 'ऐकणे' असं लिहून टाकलं! तुम्ही हसाल, पण मला इतकी मागणी आली की विचारू नका. शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या विणकरानं लुगड्याच्या एका किनारीची हकीगत सांगायला माझे चार तास घेतले. चौथा तास संपला तेव्हा किनार जेमतेम निम्मी झाली होती, आणि खरं सांगतो, मला उठवत नव्हतं.

एकदा एक वकील आले. चांगले चालणारे वकील. त्यांना हे सारखेपण पटेना. "माझा तास आणि धुणंवालीचा तास एकच कसा?" मामांनी मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "वकीलसायेब, तुमच्या तासात मिंटं किती? साठच ना? तिच्याबी साठच हायेत." वकील हसले आणि गंमत म्हणून एक तास देऊन गेले. त्या तासाच्या बदल्यात त्यांनी घराची पुढची भिंत रंगवून मागितली. रंगवायला गेला चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेला एक गडी, हाताचा मोठा सफाईदार. बरोबर साठाव्या मिनिटाला मामांनी शिट्टी वाजवली. तीस वर्षं भोंग्यावर काम केलेला गडी. त्यानं ब्रश होता तिथे खाली ठेवला आणि तो घरी गेला. निम्मी भिंत निळी, निम्मी जुनी पिवळी, आणि दिवाळी आठ दिवसांवर! वकिलांनी आरडाओरडा केला, मामा ढिम्म. आणखी एक तास द्या, आणखी एक घ्या. तेव्हा वकील मुकाट्यानं बुद्धविहाराजवळच्या वस्तीत जाऊन बसले आणि बायकांना आलेली सरकारी पत्रं त्यांनी वाचून, समजावून दिली. भिंत निळी झाली. वकील मात्र अजून दर महिन्याला तिथे जाऊन बसतात.

तर असं सगळं जोरात चाललेलं. मामांना वाटायचं, सगळी माणसं एका मापाची करून दाखवली! मलाही तसंच वाटायचं. आणि एका रविवारी सुलोचनाताई आल्या.

सुलोचनाताई त्या वस्तीतल्याच. एका वसतिगृहात वीस वर्षं स्वयंपाक केलेल्या. त्यांच्या हातच्या लाखोरीच्या डाळीच्या वड्यांसाठी मुलं सुट्टीतसुद्धा घरी जायची नाहीत म्हणे. "जय भीम" करून त्या ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, माह्यं नाव काढून टाका."

"काहून ताई? तास तं जमा हायेत तुमचे."

"तास हायेत. पन मी नाव देल्लं तवा काय लिहाले सांगतलं होतं? स्वयंपाक. पाहा बरं वहीत, तुमच्या गल्लीतल्या एका तरी घरानं बलावलं का? आंगन झाडाले बलावते, म्हातारीचे पाय दाबाले बलावते. चुलीपाशी कोनी नाई बलावत."

मामा वहीची पानं उलटू लागले. सात महिन्यांची पानं. बेरीज बरोबर होती, तीच तर ते दर रविवारी तपासत होते. कोणाला कशासाठी बोलावलं, तो रकाना त्यांनी कधी सलग वाचलाच नव्हता. झाडणं, निंदण, झाडणं, दुखणेकऱ्याजवळ बसणं. सुलोचनाताईंनी त्यांना शेवटच्या पानापर्यंत जाऊ दिलं आणि मग शांतपणे म्हणाल्या, "अन् तुमी तरी कुठं बलावलं, भाऊ?"

 मामांनी एवढंच म्हटलं, "येत्या रविवारपर्यंत थांबा, ताई." त्या 'बरं' म्हणून गेल्या. त्यांनी नाव काढायला लावलं असतं तर वहीतलं एक नाव गेलं असतं एवढंच नव्हे. मामांची अख्खी वही खोटी ठरली असती, आणि हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

आता सुलोचनाताईंना आपल्याच घरी स्वयंपाकाला बोलवायचं, तर प्रश्न होता मामींना विचारायचा. स्वयंपाकघर मामींचं. मामी गरीब स्वभावाच्या, पण त्यांच्या चुलीशी बाहेरचं कुणी गेलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि का जात नाही हेही कुणी कधी विचारलं नव्हतं. हजारो कामगारांना 'उशीर काहून झाला' असं दरडावणारा हा माणूस स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाई, पाणी पिई आणि परत येई. पाचव्या पाण्यानंतर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "जावईबापू, तुमी विचारा ना." मी म्हटलं, मामा, मला इथे दर रविवारी पोहे मिळतात, ते चालू राहू द्या. मी भित्रा आहे हे मी कधी लपवलेलं नाही.

पुढचा रविवार उजाडला. ओसरी भरलेली. मामा उभे राहिले, घसा खाकरला, आणि तेवढ्यात पदराला हात पुसत मामी बाहेर आल्या. स्वयंपाकघराची खिडकी ओसरीवरच उघडते. त्यांनी आठ दिवसांपूर्वीचं सगळं ऐकलं होतं.

"माह्यं नाव लिवा," मामी म्हणाल्या.

मामा गोंधळले. सवयीनं विचारून गेले, "काय देशीन?"

"अडतीस वर्षं काय देऊन राहिली, ते लिवा."

बायका अशा हसल्या की रस्त्यावरची माणसं थांबली! मामा म्हणू लागले, घरातले तास धरता येत नाहीत, तसा नियम... मग त्यांनी एकदा सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि नियम गिळला. मामी सुलोचनाताईंकडे वळल्या. "मले दोन तास पायजे. स्वयंपाकाचे. माह्या घरी, तुमच्या हातचे. आजवर बलावलं नाई, ते माह्यं चुकलं, बाई."

हसणं थांबलं. गल्लीतल्या दोन बायकांनी चपला घातल्या आणि त्या निघून गेल्या. त्या अजूनही परत आलेल्या नाहीत, हेही सांगायला हवं. सुलोचनाताई लगेच विरघळल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "डाळ राती भिजू घालजा. जास्त पानी नोका टाकू." 

मी मंगळवारी रजा टाकून गेलो. मामींना चटईवर बसवलं होतं आणि हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. तीनदा उठल्या. तीनदा आतून आवाज आला, "बसा तुमी!" वडे तळल्याचा वास गल्लीभर गेला. मग सुलोचनाताईंनी पानं वाढली, मामांचं, माझं आणि मामींचं, एकाच ओळीत. मामींनी चौथं पान स्वतः उठून मांडलं आणि सुलोचनाताईंना हाताला धरून शेजारी बसवलं. मामांनी वही ओढली. हा जेवणाचा वेळ कोणाचा धरायचा, कोणी दिला, कोणी घेतला? मामी म्हणाल्या, "जेवा आधी." मामांनी वही मिटली.

आणि मी पाहत राहिलो. मामी वडा मोडून आधी त्याची वाफ जाऊ देतात. डाव्या हातानं पदर सावरत अगदी लहान घास घेतात, आणि आवडलं की क्षणभर डोळे मिटतात. सुलोचनाताईंनी न विचारता त्यांच्या पानात आणखी एक वडा टाकला, तेव्हा त्या लहान मुलीसारख्या हसल्या. बारा वर्षं मी त्या घरी जेवतो आहे. कितीदा 'मामी, आणखी वाढा' म्हटलं असेल! त्या जेवताना कशा दिसतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.