वाळूत पुरलेल्या बाटल्या

शेटनी त्या बाटल्या आणल्या तेव्हा त्यांची पोर, ताई, दोन वर्षांची होती. परदेशची लाल वाइन, तिच्या जन्मसालच्या द्राक्षांची, पाच खोकी. बंगल्याच्या जिन्याखालच्या दगडी खोलीत आडव्या रचल्या नि थंडाव्याला मशीन लावलं. आम्हाला सांगून ठेवलं, "उभ्या करू नका, उन्हात काढू नका. पोरीच्या लग्नात काही पिऊ, काही विकू. जुनी होते तसा भाव चढतो हिचा."

मी नि आमचे हे तेव्हापासून दिवेआगरच्या त्यांच्या वाडीत राखणीला. झाडांना पाणी, सुपारी सोलणं, बंगला झाडणं. इहिरीच्या कडेला आमचं खोपट.

शेट गेले नि पुढच्याच साली वादळ आलं. बंगल्याचं छप्पर उडालं, पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. महिनाभर वीज न्हाय. ताई परदेशात, साथीमुळं तिकडून येणं बंद. फोन लागला तेव्हा बोलली, "मावशी, तुम्ही दोघं ठीक ना? बाबांच्या बाटल्या तेवढ्या बघा."

मशीन बंद, खोली तापलेली. ठेवायच्या कुठं? इहिरीपाशी मांडवाखाली वाळू होती, थंडगार. रोपाचे नारळ आम्ही त्या वाळूत आडवे पुरतो. बाटल्या पण आडव्याच पायजेत, म्हणून तिथंच पुरल्या. ह्यांच्या बरगडीला मार लागलेला, तरी टोपलीची एक बाजू तेच धरत होते. आमच्या खोपटावर तेव्हा नुसतं आभाळ होतं. आधी बाटल्या झाकल्या, मग आम्ही ताडपत्री शोधली.

पाऊस सरला नि मी वाळूला पाणी घालायला लागले. रोज सांजचं, रोपांना घालते तसंच. हे हसायचे.

"अगो, कोंब यायचाय काय त्यांना?"

"वाळू थंड राहते."

"कागद कुजंल वरचा. नाव हाय त्याच्यावर."

"कागद कोण पितंय?"

मी ऐकलं न्हाय. दुसऱ्या वर्षी हे गेले. मी पाणी घालतच राहिले.

यंदा माघात ताई आली. संगती मुंबईचा एक पारखी. जुनी वाइन चाखायची नि ती प्यावी, ठेवावी का विकावी ते सांगायचं, हा त्याचा धंदा. ताईनं मला पायरीवर बसवलं. "मावशी, वाडी ठेवायची तर छप्पर करायला हवं, कुंपण करायला हवं. बाटल्यांना भाव आला तर करते. नाहीतर वाडीच विकावी लागेल." वाडी गेली म्हणजे खोपट गेलं. ते ती बोलली न्हाय, पण मला कळलं.

मी वाळू उकरली. नुसती काच निघाली. कागद एकीवर पण न्हाय.

"लेबलं कुठं गेली?" पारख्यानं विचारलं.

"वादळात गेली असतील," ताई बोलली.

मी मान हलवली असती तर तिथंच मिटलं असतं.

"वादळानं न्हाय," मी बोलले. "मी पाणी घातलं. पाच वर्षं. हे नको म्हणत होते."

"बिलं तरी?" त्यानं विचारलं.

"ती वादळात भिजली. कपाटासकट."

त्यानं एकेक बाटली उजेडाकडे धरून आत कुठवर भरली हाय ते बघितलं. मग एक उघडली. बाटलीच्या गळ्याखाली बॅटरी धरून हळूहळू ओतली, गाळ मागं ठेवला. पेला पांढऱ्या कागदावर तिरका केला. कडेला रंग जुन्या कौलासारखा. वास घेतला, तोंडात घोळवली नि पोफळीच्या बुंध्याशी थुंकला.

"वाईट हाय?"

"नाही हो आजी. दिवसाला वीस चाखतो. गिळत बसलो तर मला उचलून न्यावं लागेल."

दुसरा घोट त्यानं गिळला.

"जिवंत आहे," तो ताईला बोलला. "उबेनं थोडी लवकर पिकलीय. पण आडवी होती, बूच सुकलं नाही, म्हणून वाचली. त्या खोलीत मशीनशिवाय आंबून शिरका झाला असता. वर्षभरात संपवा. पुढं उतरत जाईल."

"आणि विकायच्या झाल्या तर?"

त्यानं बूच तिच्या हातावर ठेवलं. बाजूला बारीक अक्षरात नाव नि साल. "पुरावा इथं आहे. पण बूच काढल्याशिवाय दिसत नाही, आणि उघडलेली बाटली कोण घेणार?"

ताईनं बूच मुठीत धरलं. मला वाटलं आता रागावंल. तिनं पेला माझ्यापुढं केला. "मावशी, घ्या. बाबा असते तर त्यांनी पहिला तुम्हालाच दिला असता."

मी कधी तोंड लावलं नव्हतं. आधी जांभळासारखी तुरट लागली, मग ओल्या मातीसारखी. ह्यांना आवडली नसती. तरी पेला भरून घेतला असता.

वाडी विकली. पावसाआधी सोडायची हाय, मी नागावला बहिणीच्या लेकीकडं जाणार. ताई बाटल्या घेऊन गेली, दोन मला ठेवून गेली.

त्या वाळूत आता सात नारळांना कोंब आलेत. वाडी घेणाऱ्याला विचारलं, पाणी घालणार काय? तो बोलला, बघू.

तोवर मी घालते.