ऑरिनची रायफल आणि माझी चकती

ऑरिन लिंडक्विस्टचा उजवा डोळा गेला, त्यात माझा हात आहे. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

ऑरिनने आमच्या गावच्या शाळेचा बॉयलर बत्तीस वर्षं सांभाळला. नवीन वस्तू विकत आणणं म्हणजे त्याला स्वतःची हार वाटायची. त्याच्या गवत कापायच्या यंत्राला बाबागाडीची चाकं होती आणि ती चाकं धड चालायचीही. त्याची बायको आर्लीन म्हणायची, "मी मेले ना, की हा आधी माझे सुटे भाग काढून डब्यात भरून ठेवेल." ऑरिन नुसता हसायचा. डबे खरंच होते, चाळीस तरी असतील.

तसलीच त्याची रायफल. सैन्यातून मोडीत निघालेली, आठ गोळ्यांची. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटायची आणि पुढची आपोआप आत यायची. आमच्या नेमबाजी क्लबातले बाकीचे नव्या नळ्या, महागडे दस्ते लावून यायचे. ऑरिन म्हणायचा, "पैशानं नेम विकत घेता येतो होय रे? मी गॅरेजात बसून लावून दाखवतो." आणि खरंच लावत होता. लाकडात लोखंड सैल बसलं होतं, तिथं त्याने बिअरच्या कॅनचा पत्रा कापून पाचरी मारल्या. आर्लीनच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर गोळ्या तोलून सारख्या वजनाच्या वेगळ्या काढल्या. काट्याला तेलाचा वास लागला, म्हणून आर्लीनने आठवडाभर केक केला नाही.

आमच्या क्लबात रविवारी सरावाला जोड्या असतात. एकाने दोनशे यार्डांवरून गोळी मारायची, दुसऱ्याने निशाणाखालच्या खंदकात बसायचं. प्रत्येक गोळीनंतर निशाण दोरीने खाली ओढायचं, गोळी कुठं लागली ते लांबून दिसावं म्हणून भोकात चकती खोचायची, परत वर चढवायचं. कागदावर भोकच नसेल तर लाल फडकं हलवायचं. ते फडकं हललं की वरचे सगळे ओरडतात, "अरे, मागच्या टेकडीला लागलं बिचाऱ्या!" ऑरिनची जोडी माझ्याशी, एकोणीस वर्षं.

एप्रिलमध्ये त्याच्या गोळ्या भरकटायला लागल्या. "माशी वाकडी झालीये," तो म्हणाला. माशी म्हणजे नळीच्या टोकाची ती छोटी पट्टी, जिच्यावर नेम धरतात. मी रायफल घेऊन नीट बघितलं.

"सरळ आहे रे."

"वाकडी आहे. मधेच लचकलीये. तूच डोळे तपासून घे, मर्ल."

"माझे कशाला? तूच जाऊन ये की डॉक्टरकडे."

तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी कुठल्यातरी डब्यातून दुसरी माशी शोधून काढली आणि बसवली.

पुढच्या रविवारी मी तीनदा लाल फडकं हलवलं. वरून खिदळल्याचा आवाज खंदकात ऐकू आला. परतताना ऑरिन माझ्या गाडीत मांडीवर हात ठेवून बसला होता. म्हणाला, "संपलं वाटतं माझं." एवढंच. माझ्याच्याने ते बघवेना.

त्यानंतरच्या रविवारी त्याची पहिली गोळी कागदाच्या कोपऱ्यात लागली. मी निशाण खाली ओढलं. त्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवला आणि चकती नेऊन खोचली मधल्या काळ्या वर्तुळात. मधोमध नाही, किंचित डावीकडे, म्हणजे खरं वाटावं. वरून ऑरिनची आरोळी आली, "बघितलंस? माशीच होती ती!"

बक्षिसाचा प्रश्न नव्हता, कुणाचं काही हिरावलं जात नव्हतं. म्हाताऱ्या मित्राचं मन राखलं तर काय बिघडलं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. मे गेला, जून गेला, जुलै गेला. तो गॅरेजात काहीतरी तासायचा, घासायचा, रविवारी विचारायचा, "फरक पडला?" आणि मी चकती खोचायचो. कधी मुद्दाम एखादी चुकलेली दाखवायचो. डॉक्टरचं नाव मात्र मी पुन्हा काढलं नाही. आता काढणार तरी कोणत्या तोंडाने?

सप्टेंबरात लाकूड कापताना त्याच्या डाव्या डोळ्यात भुसा गेला. त्याने तो डोळा दाबून धरला आणि आर्लीनला हाक मारली. ती धावत आली तर हा घाबरून म्हणतो, "आर्लीन, तुझा चेहरा कुठंय?" तिचे केस दिसत होते, कान दिसत होते. मधलं काही दिसत नव्हतं.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे मीच गाडीतून नेलं. तरुण बाई, बोलायला मऊ. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त झिरपून व्रण झाला होता. "सुरुवातीला आला असतात तर इंजेक्शनं देऊन बरंच वाचवता आलं असतं," त्या म्हणाल्या. "सरळ रेषा वाकड्या दिसत नव्हत्या का तुम्हाला?"

"दिसायची ना," ऑरिन म्हणाला. "रायफलची माशी. जवळजवळ येणारच होतो मी तुमच्याकडे. पण ती बदलली आणि गोळ्या बरोबर लागायला लागल्या. मग म्हटलं, डोळा ठीक आहे." माझ्याकडे वळून म्हणाला, "हा साक्षीला आहे. एकेक गोळी यानं बघितलीये."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

ऑक्टोबरात ऑरिन रायफल घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "मला आता उपयोग नाही. तू घे. तिची किंमत तुलाच ठाऊक." नको नको म्हटलं, पण ऐकेना. रविवारी मला ओढतच मैदानावर घेऊन गेला आणि स्वतः खंदकात उतरला. एक डोळा पुरतो म्हणाला भोकं शोधायला.

मी दहा गोळ्या मारल्या. मला फारसा नेम नाही, सगळ्या क्लबाला माहीत आहे. पण दहाही गोळ्या बशीएवढ्या जागेत बसल्या. रायफल अप्रतिम झाली होती. या माणसाने पत्र्याच्या पाचरींवर आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती खरोखर साधली होती.

ऑरिन तो कागद नाचवतच वर आला. धाप लागली होती, चेहरा फुलला होता. माझ्या हातात कागद देऊन त्याने बोटाने ती भोकं चाचपली.

"माझीही अशीच पडत होती ना रे, जुलैत?"

त्याचा चांगला डोळा माझ्यावर रोखलेला होता. मी कागदाची घडी घातली.

"अशीच," मी म्हणालो.