सहकार्यात नापास

वॉर्डात तिला सगळे सिस्टर म्हणत. बावीस वर्षं नोकरी झाली होती. हेडनर्सची जागा निघणार होती, पण त्या जागेला पदवी लागत होती, म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं.

तिथे पाच-पाच जणींचे गट होते. दर आठवड्याला एका रुग्णाची माहिती यायची, त्यावर गटानं लिहून चर्चा करायची. कोणी कोणाला किती साथ दिली याचे गुण मशीन द्यायचं, चर्चेतली वाक्यं वाचून.

टायपिंग म्हटलं की सिस्टरच्या कपाळाला आठ्या. त्यात गटातली एक पोरगी, दूरच्या दवाखान्यातली नर्स, सारखी अडायची. सिस्टर जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून तिला फोन लावायची. सलाइनच्या थेंबांचं गणित तिनं तीन दुपारी समजावलं.

"ताई, आता शिरलं डोक्यात!" पोरगी ओरडलीच.

निकाल लागला. पोरगी पास. प्रत्येकीच्या उत्तराखाली 'छान मुद्दा! अजून सांग ना' एवढंच लिहिणारी बाई गटात पहिली. सिस्टर सहकार्यात नापास. शेरा होता, 'इतरांना मदत करण्याची तयारी दिसत नाही.'

तिनं अभ्यासक्रमाच्या सरांना फोन केला.

"तुम्ही शिकवलं असेल हो," सर म्हणाले, "पण फोनवरचं मशीनला कसं कळणार? माझ्या हातात काही नाही."

"मग तुम्ही कशाला आहात, सर?"

सरांनी फोन ठेवून दिला.

पुढच्या सत्रात सिस्टर शहाणी झाली. कोणाचं चुकलं तरी खोडायचं नाही, कौतुक करायचं आणि मोकळं व्हायचं. शेवटच्या आठवड्यात एकीनं औषधाचा डोस दहापट लिहिला. सिस्टरचा हात थबकला. मग तिनं लिहिलं, 'सहमत! छान मांडलंस.' आणि ड्यूटीवर गेली.

दिवसभर तिचं कामात मन लागेना. संध्याकाळी घाईघाईनं चर्चा उघडली, तर ती बंद झालेली. खाली आणखी दोघींनी 'सहमत' लिहिलं होतं.

सिस्टरला चौऱ्याण्णव गुण पडले. पदवी मिळाली, जागाही मिळाली. दहापट डोस लिहिणाऱ्या त्या बाईला निदान फोन तरी करावा म्हणून ती नंबर शोधायला लागली, तेव्हा लक्षात आलं, या खेपेला तिनं कोणाचाच नंबर घेतला नव्हता.