मशीन बिघडलेलं नव्हतं

त्या थिएटरच्या मॅनेजरवरचा माझा राग अजून गेलेला नाही. इतकी वर्षं झाली, पण आठवण निघाली की डोकं तापतंच.

बेळगावात तेव्हा बोलपट रुळले होते, पण आवाजाचं मशीन वरचेवर रुसायचं. पडद्यावर ओठ हलायचे आणि ऐकू काहीच यायचं नाही. मग अख्खं थिएटर बाकं बडवत ओरडायचं, "आवाज! आवाज सोड की रं!" ही सवय इतकी अंगात मुरली की पडद्यावर कोणी नुसतं गप्प बसलं तरी लोकांना मशीनच बिघडलं असं वाटायचं.

अशात तो चोराचा सिनेमा आला. इस्त्रीचा पांढरा कोट, तिरकी टोपी, भिंतीवर लांबच लांब सावल्या. तिजोरी फोडणंही असं देखणं की बघत राहावं. पण मला खुळं केलं ते त्या नटानं. चोर हॉटेलात चहा पीत असतो. समोर फौजदार येऊन बसतो आणि सहज सांगतो, काल आमच्या गोळीनं एक चोरटा मेला. मेलेला ह्याचा धाकटा भाऊ! नट रडत नाही, छाती पिटत नाही. उरलेला चहा संपवतो, रुमालाची घडी घालतो, मोडतो, पुन्हा घालतो. बस्स. आणि नेमकी तेव्हाच मागून आरोळी, "आवाज!"

मला आप्पा आठवले. माझे वडील हौशी नाटकांतले गाजलेले खलनायक. ते वडगावात गरजले की उचगावात ऐकू जातं, अशी लोक थट्टा करायचे. घशाच्या दुखण्यानं तो आवाज गेला आणि नुसती कुजबुज उरली. तेव्हापासून त्यांनी स्टेजचं नाव टाकलं होतं. "आवाज न्हाय तर नट कसला रं?" एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. ते बघवत नव्हतं. त्यांना हा नट दाखवायचाच, असं मी ठरवलं.

रविवारी दुपारच्या खेळाला त्यांना नेलं. तो प्रसंग आला. चोरानं रुमाल काढला आणि थिएटरात ग्रामोफोनवर खणखणीत नाट्यगीत सुरू झालं! पडद्यावर ह्याचा भाऊ मेलाय आणि वरून ताना. लोक मात्र खूश. मी तडक मॅनेजरच्या खोलीत घुसलो.

"मास्तर, का चिडतायसा?" तो म्हणाला. "तिथं बोलणंच न्हाय. लोक मशीन बिघडलं म्हणून बाकं मोडायलेत. मग रेकॉर्ड लावतो."

"अहो, तो गप्प बसतो तोच त्याचा अभिनय आहे!"

"असंल. पर बाकं माझी मोडत्यात न्हवं?"

गाढवाला गुळाची चव काय, असं त्याच्या तोंडावर म्हणून मी बाहेर आलो. आप्पा दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण घरी येऊन ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. सगळं मुसळ केरात गेलं, असंच मला वाटलं.

पुढं आमच्या शाळेच्या संमेलनात नाटक बसत होतं. आप्पांनी आपण होऊन त्यात एक काम मागून घेतलं. मुलगा लढाईत मारला गेल्याची तार येते, त्या बापाचं. वाक्य एकही नाही.

तार वाचून झाली. आप्पांनी खांद्यावरचा पंचा काढला. घडी घातली. मोडली. पुन्हा घालायला लागले. मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाकावर चढून ओरडलो, "गप्प बसा! मशीन नाही बिघडलेलं! अभिनय म्हणतात ह्याला, अभिनय!"

मग माझ्या लक्षात आलं. त्या एका आरोळीनंतर कोणीच ओरडलं नव्हतं. पुढच्या बायकांनी पदर तोंडाला लावले होते. आता त्या वळून माझ्याकडे बघत होत्या. कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळा हॉल हसायला लागला. आप्पांचा हात अर्ध्या घडीवर थांबला होता.

घरी आल्यावर आप्पांनी पंचा खुंटीला अडकवला आणि कुजबुजले, "त्या मॅनेजरनं रेकॉर्ड लावली. तू भाषण लावलंस."