न दुखणारी कळ

पोट दगडासारखं घट्ट होत होतं आणि मी आरशासमोर फुलांचा मुकुट सरळ करत होते. माझ्या मूर्खपणांची यादी लांब आहे, पण पहिला मान याचाच.

आधीचं बाळ साडेसहा महिन्यांत आलं आणि दिवस मावळायच्या आत गेलं. म्हणून या खेपेला मिरजगावच्या नर्सबाई आठवड्याला येऊन बजावायच्या, "पोटावर हात ठेवायचा. घट्ट झालं, सैल पडलं, परत घट्ट झालं, असं तासात चारदा झालं की दुखो न दुखो, मला बोलवायचं." मी नंदीबैलासारखी मान डोलवायचे. सातवी पास होते ना! मनात म्हणायचे, कळ म्हटली की दुखणारच. जी दुखत नाही तिला कळ कोण म्हणेल?

सातव्यात डोहाळजेवण ठरलं. नणंदेनं नगरहून एसटीनं शेवंतीचे दागिने आणले. पावसानं दगा दिलेलं साल, बाया हंडाभर पाण्यासाठी आडावर ताटकळायच्या, आणि इकडे मी बाजूबंद, कंबरपट्टा घालून महाराणी! सकाळपासून पोट आवळत होतं. मोजलंही. तासात पाच वेळा. मग ठरवलं, कंबरपट्टाच घट्ट बांधलाय. तो सैल केला. पोटानं काही ऐकलं नाही. कुणाला सांगावं, तर दागिने उतरवून खाटेवर पडावं लागणार, आणि थोरल्या जाऊबाई वर्षभर हसणार. त्यापेक्षा गप्प बसलेली बरी!

दुपारी बाया गाणी म्हणत होत्या. नर्सबाईंनाही आमंत्रण होतं. ओटी भरायला त्या वाकल्या, पदरात तांदूळ घातले आणि त्यांचा तळवा माझ्या पोटावर टेकला. तो उचललाच नाही.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"येड पांघरू नकोस."

"सकाळपासून. पण दुखत न्हाई हो, बाई."

त्या सासूबाईंकडे वळल्या. "काकू, गाणं थांबवा. जीप बघा कुणाची मिळती का. बैलगाडी नको, गचके बसतील."

"अवो, सवाष्नी जेवायच्या हायेत अजून," सासूबाई म्हणाल्या, "दोन घास तरी खाऊ द्या तिला."

"घास नंतर. आधी नातवंड."

सरपंचांच्या जीपमध्ये डाव्या कुशीवर निजवून मला नगरला नेलं. घाईत मुकुट काढायचा राहिला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासायच्या आधी विचारलं, "हिला तमाशातून उचलून आणलंय का?" तपासल्यावर मात्र त्या हसल्या नाहीत. पिशवीचं तोंड उघडायला लागलं होतं. खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या, सुया टोचल्या. डोकं खाली, पाय वर, अशी मी सहा आठवडे पडून होते. पहिल्या दोन रात्री तर दर वेळी पोट आवळलं की श्वास रोखून धरायचे. वाटायचं, हेही चाललं, माझ्या मुकुटापायी. मग हळूहळू आवळणं थांबलं. तोवर मोजण्यात मी इतकी पटाईत झाले की शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या पोटावरही हात ठेवायचे. ती वैतागायची.

नववा लागल्यावर मुलगी झाली. चण लहान, पण आवाज असा की परिचारिका म्हणाल्या, "हिला आधी घरी न्या!"

बाराव्या दिवशी नर्सबाई आल्या. पोरीला मांडीवर घेतलं, तिच्या तळपायाला टिचकी मारली, ती रडली तेव्हा समाधानानं मान हलवली. मी डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "बाई, तुमच्यामुळं वाचली हो."

त्या म्हणाल्या, "माझ्यामुळं कसलं गं? मी त्या दिवशी पुरणपोळी खायला आले होते."