एकोणसाठ नंबरची गाडी

ते कार्ड मी पुण्याहून एसटीत मांडीवर ठेवून आणलं. वरच्या फळीवर ठेवायची हिंमतच झाली नाही. कॉम्प्युटरच्या पोटात बसणारी तळहाताएवढी हिरवी पट्टी, दिसायला इतर साउंड कार्डांसारखीच. फरक एवढाच, की मागच्या बाजूला स्पीकरच्या पिनेऐवजी नेटवर्कची वायर लावायची खोबण होती. आवाज त्या निळ्या वायरीतून जाणार होता. नवीन जालन्यात माझं कॉम्प्युटर आणि साउंडचं दुकान होतं. आजूबाजूच्या दुकानदारांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला वेड्यात काढलं. नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. आमच्याकडे आवाज म्हणजे कर्णा, अ‍ॅम्प्लिफायर आणि झाडाला गुंडाळलेली वायर, एवढंच लोकांना माहीत होतं.

हे काम मला मामांमुळे मिळालं होतं. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. तीर्थपुरीच्या रस्त्याला कापसातली सरकी काढायची एक जिनिंग होती, तिथं ते पूर्वी मशीनवर होते. जिनात त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्यानंतर शेठनं त्यांना माइकवर बसवलं. कापसाच्या हंगामात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पहाटेपासून रांगेत लागत. फाटकावर प्रत्येकाला नंबर मिळे आणि नंबर पुकारला की गाडी वजनाच्या काट्यावर न्यायची. पुकारायचं काम मामांचं. दोन बोटांच्या हातानं दुसरं कुठलंच काम होण्यासारखं नव्हतं, आणि हे काम त्यांच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

मामा नुसता नंबर कधीच पुकारत नसत. "गाडी नंबर बारा, या बाबा." प्रत्येक नंबराला 'या बाबा'. गाडीवर कुणी म्हातारा असो नाहीतर मिसरूड न फुटलेला पोरगा, त्यात बदल नाही. जिनिंगमध्ये बाकी सगळे 'चल', 'हो पुढं', 'घे तिकडं' अशाच भाषेत बोलत. आमच्या वस्तीतल्या माणसाला तर त्या काळी गावात सहजासहजी 'या' म्हणणारे मोजकेच होते. मामा मात्र माइकवरून सगळ्या तालुक्याला 'या' म्हणत. मला लहानपणी याचा राग यायचा. पुढं अभिमान वाटायला लागला, पण तो बोलून दाखवायचं राहून गेलं.

शेठची अडचण साधी होती. मामांच्या माइकच्या खोलीपासून फाटक, काटा, कापूस उतरवायचा धक्का, सगळंच लांब. जिनाच्या मोटारींच्या शेजारून गेलेल्या लांबलचक वायरीत घूं घूं शिरायचं आणि नंबर ऐकूच यायचा नाही. मामांनी शेठला सांगितलं, माझा भाचा हेच काम करतो, त्याला बोलवा. मी गेलो, सगळं बघितलं आणि छातीठोकपणे सांगितलं, की काट्यावर कॉम्प्युटर आहेच, त्यात हे कार्ड टाकू, निळी वायर फिरवू आणि ठिकठिकाणी कर्णे लावू. साध्या कार्डानं आवाज एका कर्ण्यातून आधी, दुसऱ्यातून नंतर येतो आणि सगळा कालवा होतो. हे कार्ड पाचही कर्णे एका क्षणाला वाजवतं.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. शेठनं फक्त घूं घूं घालवायला सांगितलं होतं. पण मला माझी हुशारी दाखवायची होती. मीच म्हणालो, शेठ, मामांचा आवाज एकदा भरून ठेवला, तर काट्यावरच्या माणसानं बटण दाबलं की कॉम्प्युटरच नंबर पुकारेल. शेठनं मान हलवली. मामा शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, "मामा, तुमच्या घशाला आराम." ते हसले. त्यांना वाटलं भाचा आपली काळजी करतो आहे, आणि मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. आता वाटत नाही.

जिनिंग बंद होती त्या दिवशी आवाज भरला. मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. मराठीत एकपासून शंभरपर्यंत प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं, त्यामुळं जोडाजोडी करून भागत नाही, शंभरच्या शंभर वेगळे बोलून घ्यावे लागतात; त्याच्या पुढं मात्र आधी 'एकशे' तेवढं लावलं की झालं. मी यादी लिहून नेली होती. पहिल्याच नंबराला मामा म्हणाले, "गाडी नंबर एक, या बाबा." मी थांबवलं. नुसता नंबर, मामा. दुसऱ्यालाही तेच. जीभ आवरून बोलायला गेले तेव्हा नंबर इतका कोरडा निघाला की कुणावर तरी डाफरल्यासारखा वाटला. तो त्यांचा आवाजच नव्हता. शेवटी मी म्हणालो, तुम्हाला यायचं तसं येऊ द्या, मी नंतर कापतो.

मग दुकानात बसून मी कापत राहिलो. पडद्यावर आवाजाची आकृती दिसते. नंबराचा मोठा फुगवटा, जरा मोकळी जागा आणि मग 'या बाबा'चा लहान फुगवटा. तो लहान फुगवटा निवडायचा आणि काढून टाकायचा. हात बसला की एका नंबराला मिनिटसुद्धा लागत नाही. एकोणसाठवर असताना लाइट गेली. आली तेव्हा मी साठपासून पुढं सुरुवात केली. एकोणसाठ कापून झाला असं मी धरून चाललो होतो.

हंगाम सुरू झाला त्या दिवशी मी आणि मामा आवारात उभे होतो. पाचही कर्णे एकदम, स्वच्छ बोलत होते. मामा म्हणाले, "बिलकुल साफ येऊन राह्यलं." मी फुगलो. मग एकोणसाठ आला. "गाडी नंबर एकोणसाठ, या बाबा." मी कपाळाला हात लावला आणि म्हणालो, राहिलं ते, आत्ताच कापतो. मामांनी माझा दंड धरला.

"राहू दे ती एक," ते म्हणाले.

मी राहू दिली.

पंधरा दिवसांत मामांची खुर्ची माइकच्या खोलीतून निघाली. शेठ वाईट माणूस नव्हता, त्यानं गोड बोलूनच सांगितलं, आता घरी आराम करा, लागलं तर बोलावू. मामांनी हे मला असं सांगितलं, जणू ही बातमी दुसऱ्या कुणाची होती. आईला कळलं त्या दिवशी तिनं मला जेवायला वाढलं, ताटाकडे बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, की त्यानंच तुला तिथं नेल्तं ना.  मी शेठकडे जाऊन भांडायला हवं होतं. पण माझी पाटी तिथं लागली होती, आणखी दोन जिनिंगांकडून विचारणा आली होती. मी गेलो नाही.

दीड-दोन महिन्यांनी शेठचा फोन आला. एका नंबरात काहीतरी जादा वाजतं, बाहेरगावचे व्यापारी हसतात, येऊन काढून टाक. त्याला काय सांगायचं होतं ते मला लगेच कळलं. मामांचं म्हणणं मी शेठला सांगू शकलो असतो. मशीनमध्ये बिघाड आहे असं खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं, शेठला त्यातलं काही कळत नव्हतं. मी मोटारसायकल काढली, काट्यावरच्या कॉम्प्युटरसमोर बसलो, एकोणसाठ उघडला आणि तो लहान फुगवटा काढून टाकला. दुकानातल्या प्रती मी आधीच पुसल्या होत्या. दोन मिनिटांचं काम.

चहा घ्यावा म्हणून फाटकासमोरच्या टपरीवर गेलो तर बाकावर मामा. आता ते मला झाडणार असं वाटून मी कचरलो. पण त्यांनी सरकून जागा दिली, माझ्या पोरीच्या शाळेची चौकशी केली. त्यांच्या अंगावर तोच पांढरा शर्ट होता, आता इस्त्री नव्हती. टपरीवाल्यानं चहा देता देता कौतुकानं सांगितलं, की मामा रोज येतात, एकोणसाठचा पुकारा ऐकतात आणि मगच घरी जातात. गर्दीच्या दिवशी तर एकशे एकोणसाठपर्यंत थांबतात, म्हणजे दोनदा ऐकायला मिळतं.

कर्ण्यावर तेव्हा बावन्न चालू होता.

मला उठून जाता आलं असतं. मी बसून राहिलो. आत जाऊन परत जोडावं म्हटलं तर जोडायला काही शिल्लक नव्हतं. त्रेपन्न. चोपन्न. काट्यावरचा माणूस त्या दिवशी अगदी सावकाश बटण दाबत होता. मामा मला सांगत होते की यंदा कापूस चांगला आहे, धागा लांब आहे. मी हो हो करत होतो. छप्पन्नला माझा चहा गार झाला होता. अठ्ठावन्न झाल्यावर मामांनी कप खाली ठेवला आणि मला गप्प राहा म्हणून दोन बोटांचा हात वर केला.

"गाडी नंबर एकोणसाठ."

मामांचा हात तसाच वर राहिला. फाटकातून एक म्हातारा बैलांना हाकत आत गेला. थोड्या वेळानं त्यांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "गेलं का ते बी?"

मी म्हणालो, "शेठचा फोन आल्ता, मामा."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले. "चूकच राह्यल्ती ती."

कर्ण्यातून त्यांच्याच आवाजात साठ नंबर पुकारला गेला, आणि मामा बाकावरून उठले.